पावसाळ्यानंतरची चांदमारी

शास्त्री नदीच्या मुखाशी उभा असलेला जयगडचा किल्ला पाहून परतणाऱ्या प्रवाशास, आसपासच्या वाड्यांतील शेतकरी रानडुकरांपासून भाताची राखण करीत रात्र रात्र जागत असतो, याची बहुधा वार्ताही नसते. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील येथील पुष्कळशा बंदुका ठासणीच्या किंवा बारा बोरच्या. त्यांच्या नळीस आतून आटे नसल्यामुळे दुर्बिणीचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु ज्या थोड्यांपाशी इशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोरची रायफल असून तिजवर दुर्बीण चढविलेली आहे, त्यांनी एकदा साधलेला नेम कायमचा साधला असे मानणे हा निव्वळ भ्रम होय.

दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसते. दृष्टीची रेषा सरळ, गोळीचा मार्ग मात्र वक्र. या दोहोंची ठराविक अंतरावर गाठ घालून देणे म्हणजेच झिरो करणे, आणि ही गाठ सैल होण्यास कोकणचा पावसाळा पुरेसा आहे. दमट हवेने गोळी खाली जाते ही समजूत निराधार आहे, कारण दमट हवा कोरड्या हवेहून किंचित विरळच असते. खरा अपराधी लाकडी दस्ता, जो आर्द्रतेने फुगून नळीस एका अंगाने रेटतो व गोळीची दिशा बदलतो. भिंगावर बुरशी चढते ती निराळीच. तिजसाठी बंद पेटीत सिलिका जेल ठेवणे इष्ट.

दुसरा शत्रू म्हणजे धक्का. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र पुष्कळदा पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, आणि ते दहा हातांतून फिरून परत येते तेव्हा पावतीवरील क्रमांक जुळला तरी नेम जुळेलच असे नाही. दुर्बिणीच्या पकडीचे स्क्रू योग्य ताणाने आवळून त्यांच्या माथ्यावरून पकडीपर्यंत रंगाची बारीक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली, की स्क्रू सरकला.

फेरतपासणी अधिकृत चांदमारीच्या मैदानावरच करावी, कारण शेतात निशाण लावून गोळ्या झाडण्याची मुभा शेतीसंरक्षणाचा परवाना देत नाही. डुकरावर गोळी झाडण्यासही १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. रायफल वाळूच्या पिशवीवर स्थिर टेकवून, शंभर मीटरवर तीन गोळ्या झाडाव्यात आणि एकट्यादुकट्या गोळीच्या मागे न लागता तिन्हींचा मध्य धरावा. सामान्य दुर्बिणीची कळ एक ‘टक्’ फिरली की या अंतरावर नेम सुमारे सात मिलिमीटर सरकतो. तेव्हा मध्य सात सेंटिमीटर डावीकडे असेल तर उजवीकडे दहा ‘टक्’, आणि मग पुन्हा तीन गोळ्या. नुकत्याच तेल पुसलेल्या थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी पुष्कळदा इतरांपासून फटकून पडते. तिची नोंद वहीत निराळी ठेवावी, कारण शेताच्या बांधावर संधी मिळते ती त्याच गोळीला; आणि काडतुसांची नवी खेप आली की हा सारा खटाटोप पहिल्यापासून करावा.