नक्षी संगणकावर, हक्क कुणाचा?

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस सुरू झाले की इफ्तारनंतरचा बाजार रात्री उशिरापर्यंत जागा असतो. ईदच्या सकाळी अंघोळ करून, अत्तर लावून, असतील त्यांतले चांगले कपडे घालून नमाजला जाण्याची रीत आहे. साडी, दुपट्टा किंवा कुर्त्याचे कापड निवडताना नजर आधी जाते ती नक्षीवर. ती काढली कुणी, हे मात्र दुकानात क्वचितच विचारले जाते.

मराठीतले ‘नक्षी’ आणि ‘नकाशा’ हे दोन्ही शब्द अरबी ‘नक्श’पासून आले. विणकामात तर नक्षी हा धाग्यांचा नकाशाच असतो. बनारसचे नक्शबंद कारागीर चित्रातली फुले-पाने दोऱ्यांच्या गाठींत बांधून ठेवत. त्याला ‘जाला’ म्हणत. औरंगाबादचे हिमरू विणतानाही एक जण माग चालवी आणि दुसरा वर बसून नक्षीचे दोरे ओढी. १८०४ च्या सुमारास फ्रान्सच्या लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्ड यांनी हे काम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर सोपवले. छिद्र असेल तिथे धागा उचलायचा, नसेल तिथे नाही. हीच कल्पना पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी घेतली. म्हणजे संगणक मागाला परका नाही. त्याचे एक मूळ मागातच आहे.

आज हा संगणक विणकराच्या घरी परत येतो आहे. मध्य प्रदेशातल्या चंदेरीत अन्सारी आणि कोळी समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर बसतात. तिथे २०१० च्या आसपास डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशन या संस्थेने ‘चंदेरियान’ हा प्रकल्प सुरू केला. विणकरांच्या मुलामुलींना संगणकावर नक्षी काढायला शिकवले आणि नमुन्यांचा डिजिटल संग्रह उभा केला. आलेख-कागदावर चौकोन भरत नक्षी काढायची तर दिवस जातात. एक बुट्टी बदलली तरी पुन्हा खाडाखोड. पडद्यावर तीच बुट्टी लहान-मोठी करता येते, उलटवता येते, किनारीला दहा रंग लावून पाहता येतात, तेही एक धागा न विणता. फसण्याची भीती कमी झाली की नवे करून बघायची हिंमत वाढते. व्यापाऱ्याने दिलेला नमुना विणणारे हात स्वतःचा नमुना काढू लागतात, ही या तंत्राची खरी देणगी.

पण हा पडदा दोन्ही बाजूंनी उघडा आहे. विणकराने नव्या साडीचा फोटो मोबाइलवरून पाठवला की त्याची नक्कल यंत्रमागावर किंवा छपाईत उतरायला वेळ लागत नाही. नक्कल स्वस्तात विकली जाते आणि मूळ साडी मागावरच महाग ठरते. पैठणी, चंदेरी यांना भौगोलिक मानांकन आहे, पण ते नावाचे रक्षण करते, प्रत्येक नव्या नक्षीचे नाही. त्यासाठी डिझाइन कायदा, २००० आहे. त्याखाली नोंदलेल्या नव्या नक्षीला दहा वर्षे संरक्षण मिळते, ते आणखी पाच वर्षे वाढवता येते. अट एवढीच की नक्षी नवी हवी आणि अर्जाआधी ती लोकांसमोर आलेली नसावी. म्हणजे आधी फोटो आणि मग अर्ज, असा क्रम झाला तर हक्क हातचा जाऊ शकतो. विणकरांच्या मुलांना संगणक शिकवताना हा धडाही त्याच वर्गात शिकवायला हवा.

गिऱ्हाइकाच्या हातीही काही आहे. अस्सल हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ हे चिन्ह आहे. ईद असो की दिवाळी, हातमागाचे म्हणून जास्त दाम मोजताना ते चिन्ह पाहावे, कापड कुठे विणले हे विचारावे. असे विचारणारे वाढले तर दुकानदारही विचारू लागतील.

रमजान हा कुरआन अवतरणाचा महिना. घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना मापात मारणाऱ्या व्यापाऱ्यांना ‘अल-मुतफ्फिफीन’ या सूरेत कडक इशारा दिला आहे. कापड गजाने मोजता येते. नक्षीमागची बुद्धी मोजणारा गज नाही. म्हणूनच तिचे माप देताना हात आखडता घेणे सोपे जाते, आणि म्हणूनच तिथे जास्त जपायला हवे.