वाद घालायला अनोळखी माणूस हवा

टेबलावर चार पत्ते मांडले आहेत. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर आहे, दुसऱ्या बाजूला आकडा. तुम्हाला वरून दिसतात ते असे: अ, क, ४, ७. कोणीतरी सांगतं, ‘ज्या पत्त्यावर स्वर आहे, त्याच्या मागे सम संख्या असतेच.’ हे खरं की खोटं, ते तपासायचं आहे. कोणकोणते पत्ते उलटावे लागतील? एकही जास्त नको आणि एकही कमी नको.

बहुतेक जण ‘अ आणि ४’ असं उत्तर देतात. ते चूक आहे. उलटायला हवेत अ आणि ७. ४च्या मागे क निघाला तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनामागे काय असावं याबद्दल नियम काही बोलतच नाही. पण ७च्या मागे स्वर निघाला, तर नियम तिथल्या तिथे कोसळतो. आपला दावा खोटा ठरवू शकेल असा पत्ता उलटण्याचं आपल्याला सुचतच नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६मध्ये हे कोडं मांडलं आणि तेव्हापासून ते भल्याभल्यांची दांडी उडवत आलं आहे. खरं नवल मात्र पुढे घडलं. १९९८मध्ये डेव्हिड मोशमन आणि मॉली गील या अमेरिकी संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे कोडं घातलं. एकेकट्याने सोडवणाऱ्यांपैकी ९ टक्क्यांना बरोबर उत्तर आलं. पाच-सहा जणांना एकत्र बसवून चर्चा करू दिली, तेव्हा ७५ टक्के गटांना ते आलं. काही गटांत तर सुरुवातीला एकाकडेही बरोबर उत्तर नव्हतं, तरी बोलता बोलता ते सापडलं! कोडं तेच होतं, बुद्धीही तीच होती. फरक पडला तो समोरून ‘का बरं?’ असं विचारणारं कोणी असण्याने.

असं का होत असावं? फ्रान्समधले संशोधक ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर यांनी २०११मध्ये यावर एक धाडसी उत्तर दिलं. त्यांच्या मते, माणसाची तर्कबुद्धी एकांतात सत्य शोधण्यासाठी घडलेलीच नाही. दुसऱ्याला आपलं म्हणणं पटवणं आणि दुसऱ्याचं म्हणणं पारखून घेणं, या दोन कामांसाठी ती घडली आहे. म्हणून स्वतःची बाजू मांडताना आपण पहिलं सुचेल ते कारण पुढे करतो आणि दुसऱ्याचं ऐकताना मात्र डोळ्यांत तेल घालून खोट शोधतो.

हे मर्सिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे एका सुरेख प्रयोगात दाखवून दिलं. लोकांना काही तर्काची कोडी दिली आणि उत्तरामागची कारणं लिहून घेतली. थोड्या वेळाने त्यांचंच एक उत्तर, त्यांच्याच कारणांसह, ‘हे दुसऱ्या कोणाचं आहे’ असं सांगून त्यांच्यापुढे ठेवलं. ज्यांच्या हे लक्षात आलं नाही, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांनी स्वतःचाच युक्तिवाद फेटाळून लावला. तो मुळात चुकीचा असेल, तर फेटाळण्याचं प्रमाण आणखी जास्त होतं. म्हणजे चूक पकडण्याची ताकद आपल्यात आहेच. फक्त ती दुसऱ्याच्या बोलण्यावर चालते. माझी चूक दिसायला तुम्ही हवेत आणि तुमची दिसायला मी.

घरच्या, मित्रांच्या वर्तुळात ही सोय पुरेशी मिळत नाही, कारण तिथे बरेचदा सगळे एकाच मताचे असतात. ‘रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं’ हा सल्ला घ्या. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो आला की हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते. एखादा परका माणूस मात्र विचारतो, ‘हे कोणी ठरवलं?’ त्या प्रश्नामागे गेलं की १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने केलेली एक शिफारस हाती लागते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागतं, असं तिच्यात होतं. पण तिच्यातच पुढे लिहिलं होतं की यातलं बहुतेक पाणी अन्नातूनच मिळतं. २००२मध्ये मूत्रपिंडाचे अभ्यासक हाइन्झ वाल्टिन यांनी या सल्ल्याचा माग काढला. समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या, बैठं काम करणाऱ्या निरोगी माणसाने आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं, याला त्यांना शास्त्रीय आधार सापडला नाही. आता यावर विदर्भातला कोणी म्हणेल, ‘आमच्याकडे मे महिन्यात या, मग सांगा.’ तेही अगदी रास्त आहे. उन्हात राबणाऱ्याला आणि मुतखड्याचा त्रास असलेल्याला जास्त पाणी लागतंच. दोन अनोळखी माणसांच्या दोन हरकतींनी एका सरसकट सल्ल्याला त्याच्या मर्यादा आखून दिल्या.

आपल्या वैद्यांना याचं मोल फार पूर्वी कळलं होतं. चरकसंहितेच्या विमानस्थानातला आठवा अध्याय वैद्याने वैद्याशी चर्चा करावी असं सांगतो, कारण तिने ज्ञान वाढतं आणि शंका फिटते. तिथे चर्चेचे दोन प्रकार केले आहेत: स्नेहाने केलेली संधाय संभाषा आणि जिंकण्यासाठी केलेली विगृह्य संभाषा. पहिल्या प्रकारात निर्धास्तपणे विचारावं, निर्धास्तपणे सांगावं आणि समोरच्याला हरवल्याचा आनंद मानू नये. चरक ऐकणाऱ्या सभेचाही विचार करतो. ती जाणती आहे की अजाण, आपल्या बाजूची आहे, विरोधी आहे की तटस्थ, हे आधी पाहावं असं तो सांगतो.

मग इंटरनेटवरचे वाद इतक्या लवकर का चिघळतात? एक कारण म्हणजे तिथे आवाज नसतो. २००५मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना काही वाक्यं ईमेलने पाठवायला सांगितली. त्यांतली काही मनापासूनची होती, काही उपहासाची. आपला सूर ७८ टक्के वेळा ओळखला जाईल असं पाठवणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तो ओळखला गेला ५६ टक्के वेळा. नाणं उडवून ठरवलं असतं तरी जवळपास तेवढंच जमलं असतं. तीच वाक्यं आवाजात ऐकवल्यावर प्रमाण ७३ टक्क्यांवर गेलं. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा सूर घुमत असतो, वाचणाऱ्यापर्यंत फक्त अक्षरं पोहोचतात.

दुसरं कारण डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या अभ्यासांतून पुढे आलं. इंटरनेटवर आल्यामुळे सज्जन माणूस उर्मट होतो, असं अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन यांना आढळलं नाही. जो इथे उर्मट असतो, तो प्रत्यक्षातही तसाच वागतो. फक्त चावडीवर त्याचा आवाज चार जणांना ऐकू गेला असता, तो इथे हजारोंना दिसतो. म्हणजे समोरची बहुसंख्य माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरी आहेत!

पुरावा दाखवला की माणूस उलट जास्तच हटून बसतो, असंही एक मत बरीच वर्षं प्रचलित होतं. थॉमस वुड आणि एथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर ५२ विषयांत ते तपासलं. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हा परिणाम जवळजवळ कुठेच सापडला नाही. खरी माहिती मिळाली की बहुतेक लोक तिच्या दिशेने थोडे का होईना सरकतात. त्याच वर्षी जर्मनीतल्या फिलिप श्मिड आणि कॉर्नेलिया बेच यांनी लसीकरणाविरुद्धच्या दाव्यांबाबत प्रयोग केले. चुकीच्या दाव्याला कोणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा ऐकणाऱ्यांवर सर्वांत वाईट परिणाम झाला. कोणी मुद्द्याचं खंडन केलं किंवा बोलणाऱ्याची फसवी युक्ती उघड केली, की तो परिणाम कमी झाला. दोघांच्या वादात न बोलता वाचत बसलेला तिसरा माणूसच आपला खरा श्रोता असतो. चरकाच्या सभेतला तटस्थ श्रोता तो हाच.

म्हणून पुढच्या वेळी एखादा अनोळखी माणूस आरोग्यावर, राजकारणावर किंवा गाडीच्या मायलेजवर तुम्हाला न पटणारं काही लिहील, तेव्हा गप्प बसू नका आणि तुटूनही पडू नका. त्याला विचारा, ‘हे नेमकं कसं होतं, जरा सांगाल का?’ हाच प्रश्न स्वतःच्या मतालाही विचारा. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२मध्ये दाखवलं, की शिलाई मशीन किंवा कपड्याची चेन कशी चालते हे आपल्याला कळतं असं लोक खात्रीने सांगतात; पण पायरी पायरीने समजावून द्यायला लावलं की ती खात्री उतरते. आपलं मत खोटं ठरवू शकेल असा पत्ता उलटून दाखवणाऱ्या त्या अनोळखी माणसाचे आभार माना. ते काम घरात बसून एकट्याने आपल्याला जमण्यासारखं नाही.