रिपीट करण्याआधी निकाल वाचा

औशाहून लातूर जेमतेम वीस किलोमीटर. नीटचा निकाल लागला की औशातल्या कित्येक घरांत एकच विषय असतो: पोराला आणखी एक वर्ष लातूरला ठेवायचं का? ट्यूशन एरियात रिपीटर बॅचचे फलक तोवर झळकलेले असतात. खोलीभाडं, मेस, क्लासची फी असा हिशेब घरोघर होतो. निकालाचा हिशेब मात्र फारसं कुणी मांडत नाही, आणि रिपीट करावं की नाही याचं उत्तर बरंचसं त्यातच असतं.

समजा, एका मुलाला 720 पैकी 430 गुण पडले. 180 प्रश्नांपैकी 120 बरोबर, 50 चूक आणि 10 सोडलेले असतील, तर बरोबर उत्तरांच्या चार-चार गुणांनी झालेल्या 480 मधून चुकांचे एकेक असे 50 वजा होऊन 430 उरतात. दुसरीकडे एका मुलीने 108 बरोबर सोडवले, फक्त 2 चुकवले आणि 70 कोरे ठेवले, तरी 432 वजा 2, म्हणजे 430च. गुणपत्रिकेवर दोघंही सारखीच दिसतात. पण पहिल्याने आपले 50 चुकलेले प्रश्न एकेक करून तपासायला हवेत: किती अंदाजाने ठोकले, किती घाईत गेले, किती मुळात कळलेच नव्हते? दुसरीचा पाया पक्का दिसतो. तिचा अभ्यासक्रम पुरा झाला नव्हता की वेळ पुरला नाही, एवढं तिला शोधायचं आहे. या दोघांना एकाच बॅचमध्ये बसवून तेच धडे पहिल्यापासून शिकवण्यात वर्ष घालवणं मला अन्यायाचं वाटतं. ओएमआर उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरसूची परीक्षा घेणारी एनटीए दाखवते. दोन्ही डाउनलोड करून एक संध्याकाळ पडताळत बसा.

दुसरी गल्लत गुण आणि रँक यांची. 2024 मध्ये पहिल्या निकालात 67 जणांना पैकीच्या पैकी गुण होते, सुधारित निकालात 17 उरले. त्या वर्षी 650 गुणांच्या पुढे हजारो मुलं होती. 2025 चा पेपर अवघड निघाला, देशात पहिला आलेल्याला 686 गुण मिळाले आणि 650 गुणांवर रँक शंभरच्या आत होती. म्हणून ‘शेजारच्या पोराला इतक्या मार्कांवर एमबीबीएस लागलं’ हे माप लावू नका. त्यातही 2020 च्या आधीचं उदाहरण असेल, तर नियमच वेगळा होता. त्या वर्षी लातूरचेच अमित देशमुख वैद्यकीय शिक्षण मंत्री असताना विभागातल्या मुलांना 70 टक्के जागा राखणारा प्रादेशिक 70:30 कोटा रद्द झाला. सीईटी सेलच्या राज्य गुणवत्ता यादीत आपला क्रमांक पाहायचा आणि मागच्या वर्षी आपल्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकावर झाला, त्याच्याशी तो ताडून बघायचा.

‘पात्र’ या शब्दानेही अनेक घरं हुरळून जातात. 2025 मध्ये खुल्या प्रवर्गात 144 गुणांना मूल पात्र ठरलं. पात्र ठरलेले बारा लाखांहून अधिक आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सुमारे सव्वा लाख.

बारावीचा निकालही सोबत ठेवा. नीटला कितीही गुण असोत, एमबीबीएससाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात. तिथे अडलं तर नीट पुन्हा देऊन उपयोग नाही. बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेतून बारावीचेच पेपर द्यावे लागतील. गुण अनपेक्षितपणे कमी वाटत असतील तर लातूर विभागीय मंडळाकडे आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागा. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज छायाप्रत घेतल्याशिवाय करता येत नाही, आणि ती हाती आल्यावर मुदत मोजक्याच दिवसांची असते. नीटमध्ये ही सोयच नाही. तिथे उत्तरसूचीवर किंवा ओएमआरच्या नोंदीवर ठरलेल्या मुदतीत हरकत घेता येते, तीही दर प्रश्नाला शुल्क भरून.

रिपीटर बॅचची पहिली फी मात्र प्रवेशफेऱ्या संपायच्या कितीतरी आधीच मागितली जाते. फेऱ्या पुढे काही महिने चालतात, रिकाम्या जागा खालच्या क्रमांकांपर्यंत उतरतात, बीएएमएस, बीडीएसचे पर्यायही खुले होत जातात. मध्येच प्रवेश मिळाला तर भरलेल्यातले किती पैसे परत देणार, हे क्लासकडून पावतीवर लिहून घ्या.