पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ!

काल सकाळी शेजारच्या काकांची जुनी कार्बोरेटरवाली स्कूटर चोक ओढून, दहा-बारा किका खाऊन एकदाची सुरू झाली. पार्किंगभर कच्च्या पेट्रोलचा वास! काका वैतागले, "एवढं पेट्रोल पिते, मग जाळत का नाही?"

उत्तर थेंबात आहे. द्रवरूप पेट्रोल पेटत नाही. पेटते ती हवेत मिसळलेली त्याची वाफ. थेंब जितका बारीक, तितकी वाफ झटपट. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून बघा, लगेच कळेल.

हिशेबही सोपा आहे. थेंबाचा व्यास निम्मा केला, की तेवढ्याच पेट्रोलचे आठ थेंब होतात आणि एकूण पृष्ठभाग दुप्पट.

थंड इंजिनात जाडे थेंब इनटेकच्या भिंतींना चिकटतात. म्हणून चोक जास्तीचं पेट्रोल ओढतो. त्यातलं बरंचसं अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बनून सायलेन्सरमधून बाहेर पडतं.

नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, पण तोही साधारण २५०-३०० अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणजे सुरुवातीचा मिनिटभराचा धूर सगळ्यात घाण.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक दुचाकींत कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आला. तो दाबाने बारीक फवारा मारतो. मात्र नोझलमध्ये कचरा साचला, की फवाऱ्याची धार होते आणि पुन्हा तेच रडगाणं.

तुमची गाडी सकाळी कुरकुरते का? कमेंटमध्ये मॉडेल आणि लक्षणं लिहा, मिळून शोधू!