विश्लेषण : सायलेन्सर लावला की रायफल का अडकते?

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव देशाला माहीत आहे ते लष्कराच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारामुळे. ३१ मे २०१६ रोजी तेथे लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांना प्राण गमवावे लागले. दारूगोळ्यात कोंडलेली ताकद एकदम सुटली की काय होते, हे तेव्हा दिसले. रायफलमध्ये ही ताकद मोजूनमापून वापरावी लागते. सायलेन्सर लावला की नेमके हेच माप बिघडते.

अर्ध-स्वयंचलित रायफल कशी चालते?

चाप ओढला की काडतुसातील दारू जळून वायू तयार होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे ढकलतो. त्यातील थोडा वायू नळीच्या छोट्या छिद्रातून पिस्टनवर येतो. पिस्टन बोल्टला मागे रेटतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. मग स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते आणि मॅगझिनमधील पुढचे काडतूस नळीत बसते. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. हे सारे सेकंदाच्या छोट्याशा अंशात घडते.

सायलेन्सर काय करतो?

मोटारसायकलच्या सायलेन्सरचे तत्त्वच येथे लागू होते. वायू नळीबाहेर एकदम न सुटता कप्प्याकप्प्यांतून हळूहळू बाहेर पडतो. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी संशोधकाने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. त्याचे वडील मॅक्सिम मशीनगनचे जनक होते.

मग आवाज पूर्ण बंद होतो का?

नाही. चित्रपटातील ‘फुस्स’ आवाज खरा नाही. रायफलचा आवाज साधारण १६० डेसिबलच्या घरात असतो. सायलेन्सरने तो २५ ते ३० डेसिबलने घटतो. शिवाय ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर रायफलच्या गोळीचा ८०० मीटरहून अधिक. त्यामुळे गोळी हवा कापताना होणारा कडाका उरतोच. तरीही फायदा मोठा आहे. १४० डेसिबलवरील एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो.

अडचण नेमकी कुठे येते?

वायू कोंडल्यामुळे नळीतील दाब जास्त वेळ टिकतो. पिस्टनला गरजेपेक्षा जास्त धक्का बसतो आणि बोल्ट वेगाने मागे येतो. मॅगझिनमधील काडतूस वर सरकण्याआधीच बोल्ट पुढे निघाला, तर नळी रिकामी राहते किंवा काडतूस तिरके अडकते. दाब उतरण्याआधी पुंगळी ओढली गेल्यास तिची कडा फाटू शकते. काजळी आत साचते, वायू नेमबाजाच्या तोंडावर येतो.

यावर उपाय काय?

अनेक लष्करी रायफलींना वायू नियंत्रक असतो. भारतीय जवानांनी अनेक दशके वापरलेल्या ७.६२ मिमी ‘एसएलआर’मध्ये तो होता, ‘इन्सास’मध्येही आहे. पिस्टनकडे किती वायू जाणार, हे त्यावर ठरते. सायलेन्सर असताना वायू कमी हवा. पण तो काढल्यावर नियंत्रक तसाच राहिला, तर बोल्ट पुरेसा मागे येत नाही आणि रायफल पुन्हा अडकते. म्हणून दोन्ही स्थितींत चाचणी लागते. अमेरिकी लष्कराने एप्रिल २०२२ मध्ये निवडलेली नवी रायफल सुरुवातीपासून सायलेन्सरसह वापरण्यासाठीच घडवलेली आहे.

हवामानाचा काय संबंध?

दारू तापलेली असेल तर दाब वाढतो, गारठली की घटतो. वर्ध्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात नीट चालणारी रायफल हिमालयातील उणे तापमानात सुस्तावू शकते. काडतुसांच्या खेपेनुसारही फरक पडतो. म्हणून हे काम प्रशिक्षित शस्त्र-तंत्रज्ञाचे मानले जाते.

कायदा काय सांगतो?

शस्त्र नियमांनुसार बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी उपकरणे प्रतिबंधित वर्गात मोडतात. अर्ध-स्वयंचलित रायफलही सामान्य परवान्यावर मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगल्यास ७ ते १४ वर्षे तुरुंगवास होऊ शकतो. त्यामुळे हा प्रश्न सुरक्षा दलांपुरताच आहे. त्यांच्यासाठी मात्र तो जीवन-मरणाचा आहे, कारण चकमकीत अडकलेली रायफल मोकळी करायला जवानाकडे वेळ नसतो.