प्रतिपिंड औषधे आणि संगणकाचा अंदाज

शरीरात रोगजंतू शिरला की त्याला ओळखून चिकटणारी प्रथिने तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. दोन जड व दोन हलक्या साखळ्यांचे हे प्रथिन इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे दिसते. त्याच्या दोन टोकांवरील वळणे शत्रूला धरतात. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्जेस कोलर व सेझार मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी बनविण्याची रीत शोधली. १९८४ साली नील्स येर्ने यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब हे औषध म्हणजे असेच एक प्रतिपिंड होय.

परंतु नेमके चिकटले म्हणजे औषध झाले, असे नव्हे. बाटलीत त्याच्या गुठळ्या होता कामा नयेत. कातडीखाली टोचायचे तर थोड्या पाण्यात पुष्कळ औषध मावावे लागते. ते मधासारखे घट्ट झाले तर सुईतून उतरत नाही. मग रुग्णाला सलाइन लावून इस्पितळात बसावे लागते. हातावर पोट असणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. शिवाय शरीराने औषधालाच परके मानले, तर सारेच व्यर्थ.

बोकोसिझुमॅबचे असेच झाले. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्यांत २७ हजारांहून अधिक रुग्ण होते. पण अनेकांच्या शरीरात औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार झाली व गुण ओसरू लागला. २०१६ साली फायझर कंपनीने हे काम थांबविले. इतक्या उशिरा कळलेला दोष फार महाग पडतो.

हा दोष आधी ओळखता येईल काय? येथे संगणक उपयोगी पडतो. प्रत्येक प्रतिपिंड २० प्रकारच्या अमिनो आम्लांच्या माळेने बनते. ती माळ संगणकाला दिली की तो तिच्या घडणीचा अंदाज बांधतो; पाण्याला टाळणारे भाग कोठे एकवटले, विद्युतभार कोठे साचला, हे पाहतो. २०१९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशा पाच कसोट्या मांडल्या. मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या प्रतिपिंडांशी नव्याची तुलना करायची. फार वेगळे दिसले तर धोक्याची खूण समजायची. त्यामुळे कच्चे उमेदवार सुरुवातीलाच गळतात.

तरीही हा अंदाजच आहे. संगणकाला शहाणपण येते ते प्रयोगशाळेतील मोजमापांतून. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३७ प्रतिपिंडांवर १२ प्रकारच्या तपासण्या केल्या होत्या. अशी माहिती नसेल तर यंत्र काय शिकणार? आणि माणसामाणसाचे शरीर वेगळे. ते औषधाला कसे स्वीकारील, हे आजही पुरते सांगता येत नाही.

केवळ ऐकीव आहे किंवा परंपरेने आले आहे म्हणून काही स्वीकारू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. संगणकाच्या पडद्यावर उमटले म्हणून खरे, असेही आपण मानू नये. अंदाज घ्यावा, मग प्रयोग करावा.

आमच्या विद्यार्थ्यांना एक सांगावेसे वाटते. जीवशास्त्र घेतले म्हणून गणित सोडू नका. ऑक्सफर्डचा प्रतिपिंडांच्या रचनांचा संग्रह इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. महाविद्यालयातील संगणकावर तो उघडा, एक रचना निवडा आणि तिची टोके कशी वळली आहेत ते स्वतः पाहा.