होमस्टेमधलं धुणं: चादर कुणाची, कपडे कुणाचे?

मागच्या भागाच्या शेवटी म्हणालो होतो की पुढच्या वेळी डेटाबेसवर बोलू. ते राहू दे, आज धुण्यावर बोलायचंय. हसू नका, यातही रांगेचं गणित आहे आणि ते मला ऑफिसात नाही, मामीच्या पडवीत कळलं. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे नेहमीसारखं लेखी रूप. ‘म्हणजे’, ‘अं’ आणि मध्येच वाजलेला कुकर काढून टाकलाय.

नवीन वाचकांसाठी सांगतो. मी सांगलीचा, बीटेक केलं आणि आता नोकरी पुण्यात. मामा-मामी साताऱ्याचे, कासच्या रस्त्याला त्यांचा तीन खोल्यांचा होमस्टे आहे. फोटो, दर, बुकिंग, रिव्ह्यूंना उत्तरं हे माझ्याकडे. बाकी सगळं मामीकडे. ‘बाकी सगळं’ म्हणजे किती, याचा मला पत्ताच नव्हता. तो लागला दोन स्टारच्या एका रिव्ह्यूमुळे. जागा छान, पिठलं-भाकरी छान, चादरींना कुबट वास. फुलांच्या सीझनमध्ये, म्हणजे आमच्या कमाईच्या सहा-सात आठवड्यांत, हा रिव्ह्यू सगळ्यात वर दिसत होता आणि पुढच्या शनिवारची दोन बुकिंग रद्द झाली.

मी फोन केला आणि शहाण्यासारखं विचारलं, “मामी, चादरी रोज धुतेस ना गं?”

“धुतीय की. वाळतंय कुठं पण?”

सगळा विषय या उत्तरात होता. मला मात्र तो समजायला एक शनिवार-रविवार तिथं जाऊन बसावं लागलं.

कासचं पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं, पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून. फुलं येतात ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे पाहुण्यांची गर्दी तेव्हा, जेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो आणि धुकं दारात उभं असतं. जास्तीत जास्त चादरी लागतात तेव्हाच त्या सगळ्यात हळू वाळतात. इथून जवळच्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि आमच्या सांगलीत सहाशेच्या आसपास. त्यामुळे सांगलीत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ‘वाळणं’ ही समस्या वाटतच नाही. आमच्या गच्चीवर एप्रिलमध्ये पहिली चादर घालून शेवटचीला चिमटा लावेपर्यंत पहिली कडक झालेली असते.

आता गणित. एका खोलीची एक अंथरायची चादर, दोन पांघरायच्या, दोन अभ्रे, दोन टॉवेल. काट्यावर घातलं तर कोरडं वजन साधारण तीन किलो भरलं. तीन खोल्यांचे नऊ किलो. सीझनमध्ये खोल्या रोज रिकाम्या होतात, रोज भरतात. कासला सप्टेंबरात पडवीतलं कापड वाळायला दोन ते तीन दिवस लागतात, अडीच धरू. १९६१ साली जॉन लिटल यांनी रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला. आम्ही सर्व्हरवरचा भार मोजायला तो वापरतो. रोज किती येतं गुणिले प्रत्येकाला किती वेळ लागतो, म्हणजे एका वेळी आत किती अडकलेलं असतं. नऊ गुणिले अडीच, साडेबावीस किलो. म्हणजे मामीच्या पडवीत सतत साडेबावीस किलो कपडे लटकलेले हवेत. मी दोऱ्या मोजल्या. चादरी एकमेकींना न चिकटता जेमतेम बारा किलो मावत होते.

मग उरलेलं काय होत होतं? अर्धवट वाळलेली चादर दोरीवरून काढायची, गरम इस्त्री फिरवायची, घडी घालायची. हाताला कोरडी लागते, पण आत दमट असते. रात्री पाहुण्याच्या अंगाच्या उबेनं वास सुटतो. २०१२ सालीच, योगायोग बघा, जपानी संशोधकांनी या ओल्या कपड्यांच्या वासाला मुख्यतः जबाबदार असलेला जिवाणू दाखवून दिला. मोरॅक्सेला त्याचं नाव. कापड जितका वेळ ओलं, तितकं त्याचं फावतं. जास्त पावडर टाकून किंवा वासाचं लिक्विड ओतून तो प्रश्न सुटत नाही. मामीनं दोन्ही करून बघितलं होतं आणि थंड पाण्यानं, साबणानं तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. त्या रिव्ह्यूच्या फोटोत दिसत नव्हत्या.

माझा पहिला उपाय होता मशीन. आधी घरात असलेलं अर्धस्वयंचलित मशीन मामी वापरायचीच नाही, चादरी नीट निघत नाहीत म्हणून. एक गैरसमज इथंच दूर करतो, कारण खोली बुक करणारेही यात फसतात. आपल्याकडे त्या मशीनच्या दुसऱ्या टबाला सर्रास ‘ड्रायर’ म्हणतात. तो वाळवत नाही, गरागरा फिरवून पिळतो. हातानं पिळलेल्या चादरीत तिच्या वजनाइतकं किंवा जास्तच पाणी उरतं. फिरवून काढलं की निम्मं ते पाऊण. फायदा मोठा आहे, पण नऊ किलोंमागे तरी सहा लिटर पाणी हवेत जायचं बाकी राहतंच. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिटच्या जरा खाली वीज लागते. ही उष्णता सांगलीत ऊन फुकट देतं. कासला ती विकत घ्यावी लागते.

माझ्या आईचा उपाय आणखी साधा. “मला पाठवा की इकडं, दोन तासात वाळवून देते.” मी एका रविवारी खरंच तीन खोल्यांच्या पिळलेल्या चादरी गाडीच्या डिकीत घातल्या आणि कराड, पेठ नाका करत सांगली गाठली. वाटेत जेवायला थांबलो, तिथं मित्र भेटला. आईनं डिकी उघडली आणि नाकाला पदर लावला. सगळ्या परत धुवाव्या लागल्या. दोन तासात वाळल्या मात्र. (मामानं हा किस्सा गावभर केलाय.)

हे झालं चादरींचं. खरी अडचण वेगळीच होती आणि ती पाण्याची नव्हे, एका शब्दाची होती: पाहुणा.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. गावभागातले आमचे तीन कुटुंबं नातेवाईक विश्रामबागच्या बाजूला आमच्या घरी आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. आईनं आठवडाभर सगळ्यांचं धुणं धुतलं. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. पाहुण्यानं धुण्याला हात लावायचा नाही, ही आपली रीत. तिचा हिशोब नात्यात होतो, पुढच्या वेळी आपण त्यांच्याकडे असतो.

मामी पैसे देणाऱ्यांनाही ‘पाहुणे’च म्हणते. आणि तेही तिला ‘काकू’ म्हणतात. मग चार दिवस राहिलेल्या एका ग्रुपनं पावसात भिजलेल्या, चिखलानं माखलेल्या जीन्सची पिशवी पुढं केली, “काकू, एवढं मशीनला टाकाल का?” तर काकू नाही कशी म्हणणार? त्या लोकांचंही चुकलं म्हणवत नाही. मीच वेबसाइटवर सोयींच्या यादीत ‘वॉशिंग मशीन’वर टिक केली होती. त्यांनी वाचलं, धुऊन मिळेल. मामीच्या लेखी, मशीन घरच्यांसाठी. पाच जीन्स तीन दिवस दोरीवर राहिल्या, त्या दोरीवरच्या चादरी कुठं गेल्या ते वर सांगितलंच.

उलटं टोक परदेशात आहे. अमेरिकेत कितीतरी घरमालक निघताना पाहुण्यालाच चादरी काढायला, मशीन लावायला सांगत. वर सफाईचे पैसे वेगळे. ओरड इतकी झाली की नोव्हेंबर २०२२ मध्ये एअरबीएनबीनं जाहीर केलं, अशी अवाजवी कामं पाहुण्यांवर टाकू नयेत आणि जी कामं असतील ती बुकिंगआधी दिसली पाहिजेत. मी हे मामीला सांगितलं तेव्हा तिला पहिला भाग कळलाच नाही. “पाहुण्याला चादरी काढाय लावत्यात?” दुसरा भाग मात्र मला लागला. आधी दिसलं पाहिजे. आमच्याकडे काहीच दिसत नव्हतं.

पांघरुणाचं तसंच. पाहुण्यांना वाटतं, खोलीतलं सगळंच कालच्या माणसानंतर धुतलेलं. तसं कुठंच नसतं. रेल्वेच्या एसी डब्यातल्या ब्लँकेटबद्दल लोकसभेत प्रश्न आला तेव्हा, नोव्हेंबर २०२४ मध्ये, रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी उत्तर दिलं की ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतात आणि म्हणून त्याला लावायला जादा चादर देतात. किती लोकांनी नाकं मुरडली! पण पद्धत बरोबरच आहे, फक्त आधी कुणी सांगितली नव्हती. मामीच्या वाकळा वर्षातून एकदाच, नवरात्राच्या आधी धुतल्या जातात. त्या सप्टेंबरात दर पाहुण्यामागे धुवायच्या म्हटलं तर दिवाळीलाच वाळतील.

मग आम्ही काय केलं? प्रत्येक खोलीला चादरींचे चार जोड. हॉटेलवाले निदान तीन ठेवतात, एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पण वाळायला अडीच दिवस असतील तर तीन पुरत नाहीत. वाकळेला खालून-वरून सुती खोळ, ती दर पाहुण्यामागे बदलायची. शनिवार-रविवारचं धुणं साताऱ्यात, जिथं खरोखरचं वाळवणारं मशीन आहे अशा लाँड्रीत, किलोवर. त्याचे खोलीमागे दीडशे रुपये भाड्यात वाढवले, वेगळे दाखवले नाहीत. मामाचा विरोध होता, गिऱ्हाईक पळेल म्हणून. पळालं नाही.

सोयींच्या यादीतली ती टिक मी काढली आणि मराठीत लिहिलं: चादरी-टॉवेल धुतलेले मिळतील, तीन रात्रींपेक्षा जास्त राहिलात तर मधे बदलू. वाकळ रोज धुतली जात नाही, तिची खोळ धुतली जाते. तुमच्या कपड्यांसाठी बादली, साबण आणि मागची दोरी आहे. मशीन हवं तर एका फेरीचे शंभर रुपये, पण पावसाळ्यात कपडे ओलेच न्यावे लागतील.

शंभर रुपयांच्या ओळीवर मामी दोन दिवस बोलली नाही. “धुण्याचं पैसं घ्यायचं पाहुण्याकडनं?” शेवटी तिनंच तोडगा काढला. लहान मूल असेल तर त्याचे कपडे फुकट, ते चुलीजवळ सुकवून द्यायचे. हे मी वेबसाइटवर लिहिलेलं नाही. तिनं लिहू दिलं नाही.

गेल्या सप्टेंबरात एक मुंबईचं जोडपं आलं होतं. निघताना त्यांनी चादरी काढून, घड्या घालून कोपऱ्यात ठेवल्या. मामी मला फोनवर म्हणाली, “काय चुकलं रं आपलं? आवडलं न्हाय वाटतं त्यास्नी.” त्यांचा रिव्ह्यू पाच स्टारचा होता. मी वाचून दाखवला, तरी तिचं समाधान काही झालं नाही.